विश्लेषण : ‘व्हीएआर’ आले, तरी फुटबॉलचाहत्यांचा पंचांवरचा राग का कायम?

पंचांच्या नजरेतून जे सुटेल ते कॅमेरा टिपेल आणि मग वादच उरणार नाहीत, अशा अपेक्षेने ‘व्हिडीओ असिस्टंट रेफरी’ अर्थात ‘व्हीएआर’ प्रणाली फुटबॉलमध्ये आली. २०१८च्या विश्वचषकापासून ती घराघरांत पोहोचली. अनेक ढोबळ चुका त्यामुळे टळल्या. पण चाहते शांत झाले नाहीत. नॉर्वेत जुलै २०२४ मध्ये रोझेनबोर्ग-लिलेस्ट्रोम सामन्यात प्रेक्षकांनी निषेध म्हणून मैदानात टेनिसचे चेंडू आणि माशाचे वडे फेकले आणि सामना सोडून द्यावा लागला. स्वीडनमध्ये चाहत्यांच्या विरोधामुळे ही प्रणाली आलीच नाही. असे का घडते आहे?

‘व्हीएआर’ची गरज का भासली?

१९८६च्या विश्वचषकात दिएगो मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल पंचांनी ग्राह्य धरला. २००९ मध्ये फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू अडवून दिलेल्या पासवर गोल झाला आणि आयर्लंडचे विश्वचषकाचे स्वप्न भंगले. २०१०च्या विश्वचषकात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डने मारलेला चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या स्पष्टपणे आत पडला, तरी गोल मिळाला नाही. घरी टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला चूक दिसत होती, फक्त निर्णय देणाऱ्याला दिसत नव्हती. यातूनच आधी गोलरेषा तंत्रज्ञान आणि नंतर ‘व्हीएआर’ आले. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूवर कारवाई या बाबतींत ‘व्हीएआर’ला हस्तक्षेप करता येतो, तोही चूक ‘स्पष्ट आणि उघड’ असेल किंवा गंभीर प्रसंग पंचांच्या नजरेतून सुटला असेल तरच.

मग वाद का संपले नाहीत?

चेंडू रेषेच्या आत गेला की नाही, याचे उत्तर यंत्र देऊ शकते. पण चेंडू हाताला लागला तेव्हा हात नैसर्गिक स्थितीत होता का, धक्का किती जोराचा होता, याचे उत्तर माणसालाच द्यावे लागते. तोच प्रसंग दहा वेळा पाहिला म्हणून दोन पंचांचे मत एकच होईल असे नाही. शिवाय कॅमेऱ्यामागेही माणूसच असतो. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियाझचा गोल मैदानावर ऑफसाइड ठरवण्यात आला. व्हिडीओ पंचांनी तपासणी केली, गोल योग्य असल्याचे त्यांना दिसलेही; पण मैदानावरचा निर्णय ‘गोल’ असाच आहे, असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ असे कळवले. चूक लक्षात येईपर्यंत खेळ सुरू झाला होता आणि नियमानुसार मागे जाता येत नव्हते. लिव्हरपूलने तो सामना १-२ असा गमावला.

बोटभर ऑफसाइडचे गणित काय?

एप्रिल २०२४ मध्ये वेम्बलीवर एफए चषकाच्या उपान्त्य सामन्यात दुसऱ्या श्रेणीतील कोव्हेंट्री सिटीने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून ३-३ बरोबरी साधली. जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी व्हिक्टर टॉर्पने चेंडू जाळ्यात मारला. कोव्हेंट्रीच्या प्रेक्षकांना आनंद आवरेना. आणि मग ‘व्हीएआर’ने रेषा आखून जेमतेम पायाच्या बोटाइतक्या फरकाने ऑफसाइड दाखवला. कोव्हेंट्री पुढे शूटआऊटमध्ये हरले.

येथे तंत्राची मर्यादाही समजून घ्यावी लागते. सेकंदाला ५० चित्रे टिपणारा कॅमेरा धरला, तर दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंदांचे अंतर असते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्यात २० सेंटीमीटर पुढे सरकतो. म्हणजे पास दिल्याचा नेमका क्षण एका चित्राने चुकला, तरी निकाल फिरू शकतो. कतारमधील २०२२च्या विश्वचषकात वापरलेल्या अर्धस्वयंचलित प्रणालीत १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदूंचा माग ठेवत होते आणि चेंडूतही संवेदक होता. त्यामुळे वेळ वाचला, अचूकता वाढली. पण बोटभर पुढे असण्याने खरोखर काही फायदा झाला का, हा चाहत्यांचा प्रश्न शिल्लकच आहे.

चाहत्यांचा खरा आक्षेप कशावर?

फुटबॉलमध्ये गोल दुर्मीळ. दीड तास वाट पाहून मिळणारा तो एक क्षण शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून साजरा करायचा, यासाठीच चाहता तिकीट काढतो. आता गोल झाला तरी आधी पंचांच्या कानाकडे पाहायचे आणि मगच ओरडायचे, अशी वेळ आली आहे. त्यात घरी बसलेल्याला रेषा दिसतात, स्टेडियममधल्याला बहुतेकदा नुसता फलक. चूक एक वेळ सहन होते, पण ताटकळणे आणि अंधारात राहणे सहन होत नाही. तरीही जून २०२४ मध्ये वुल्व्ज क्लबने ‘व्हीएआर’ रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा प्रीमियर लीगमधील उर्वरित १९ क्लबनी विरोधात मत दिले.

भारतात काय स्थिती?

३ मार्च २०२३ रोजी आयएसएलच्या बाद फेरीत बंगळूरुच्या सुनील छेत्रीने जादा वेळेत केरला ब्लास्टर्सचा बचाव उभा राहण्याआधीच फ्री-किक मारून गोल केला. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावले. बंगळूरु विजयी ठरले. ब्लास्टर्सला चार कोटी रुपयांचा दंड आणि वुकोमानोविच यांच्यावर १० सामन्यांची बंदी आली. स्पर्धेत तेव्हा ‘व्हीएआर’ नव्हते. पण तो वाद चेंडू कुठे होता याचा नव्हता. पंचांनी शिट्टीपर्यंत थांबायला सांगितले होते का, याचा होता. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते. तिथेही गल्लीची इभ्रत पणाला लागलेली असते आणि शिट्टी वाजली की अर्धे स्टेडियम नाराज होतेच.

पंचांची बाजू काय?

फुटबॉलचा पंच एका क्षणात, धावताना, एकाच कोनातून निर्णय देतो. रागाला धरबंध राहिला नाही की काय होते, हे तुर्कीने पाहिले. ११ डिसेंबर २०२३ रोजी बरोबरीत सुटलेल्या सामन्यानंतर अंकारागुजू क्लबच्या अध्यक्षांनीच मैदानात उतरून पंच हलील उमुत मेलेर यांना ठोसा मारला. देशातील सर्व लीग सामने काही दिवस थांबवावे लागले. पंचच मिळाले नाहीत तर गल्लीतली स्पर्धाही होणार नाही.

पुढे काय?

२०२३च्या महिला विश्वचषकात पंचांनी ‘व्हीएआर’नंतरचा निर्णय ध्वनिवर्धकावरून प्रेक्षकांना सांगितला. ही पद्धत आता इतरत्रही रुजते आहे. रग्बीत पंच आणि व्हिडीओ पंचांचा संवाद प्रेक्षकांना ऐकू येतो, तेवढा मोकळेपणा फुटबॉलमध्ये अजून नाही. तंत्र कितीही सुधारले तरी काही निर्णय मतांचेच राहणार. ते का दिले हे त्याच वेळी कळले, तर चाहता वाद घालेल. पण आपल्याला फसवले, असे म्हणणार नाही. शेवटी पंचांना शिव्या घालणारा हाच चाहता पुढच्या रविवारी पुन्हा रांगेत उभा असतो. विश्वास टिकवायचा आहे तो त्याचाच.