पापी कोणाला म्हणायचे?

नवापूर-नंदुरबारकडे भिल्ल, मावची वस्त्यांत ख्रिस्ती लोक आहेत. हा मुलूख १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. त्यांचे बोलणे कानावर आले की कोणी रागावून विचारतो, "हे आम्हाला पापी का म्हणतात? आम्ही काय चोऱ्या केल्या?"

राग येणारच. पण नीट ऐका. ख्रिस्ती माणसाने पापी म्हणायचे ते आधी स्वतःला.

पाप म्हणजे वाईट काम, एवढे आपण जाणतो. ख्रिस्ती मत त्याच्याही मागे जाते. बांध कोरायला हात गेला नाही, पण शेजाऱ्याच्या वावरावर डोळा गेला. तिथेच पापाचे बी पडले. असे बी मनात नाही असा माणूस नाही, मग तो पाद्री असो की पाटील. हे तण आपल्या बळावर समूळ निघत नाही. त्याला देवाची क्षमा लागते. येशूने क्रुसावर मरण पत्करले ते त्यासाठीच, असे ते मानतात.

येशूने एक गोष्ट सांगितली. दोघे जण मंदिरात गेले. एकाने देवाला आपले उपास आणि दानधर्म मोजून दाखवले. वर म्हणाला, मी त्या जकातदारासारखा नाही, हे बरे! जकातदार लांब उभा होता. मान खाली, छाती बडवून दया मागत होता. देवाने त्यालाच जवळ केले. पहिल्याचे उपास खोटे नव्हते हो. पण त्याची नजर दुसऱ्याच्या पापावर होती. असा माणूस पारावर रोज भेटतो!

आम्हाला हे परके वाटत नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तुकोबांनीही अभंगांत स्वतःचे दोष झाकले नाहीत. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी ख्रिस्ती नव्हते. पण १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त श्यामच्या चुका त्यांनी उघड मांडल्या.

मात्र नुसते रडून भागत नाही. व्यापाऱ्याने रात्री प्रार्थना केली आणि सकाळी कापूस त्याच खोट्या काट्यावर तोलला, तर तो पश्चात्ताप कसला? बायबलात जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार आहे. बुटका होता. येशूला पाहायला उंबरावर चढला. येशू त्याच्याच घरी उतरला, तेव्हा लोक कुरकुरले. जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो.