घरातलं स्मार्ट बटण: कशासाठी, कुठलं आणि कसं?

दिव्याच्या बटणावर तत्त्वज्ञानाच्या माणसानं काय बोलावं, असं कुणाला वाटेल. पण इथेही पहिला प्रश्न तोच आहे: हे कशासाठी?

वीज वाचवण्यासाठी म्हणाल, तर हिशेब करू. स्मार्ट बटण स्वतःही चोवीस तास थोडी वीज खातं. ती एक वॅट धरली, तर वर्षाला पावणेनऊ युनिटं झाली. 9 वॅटचा एलईडी रोज पावणेतीन तास विनाकारण जळला, तर साधारण तेवढीच वीज जाते. म्हणजे बचतीचं कारण लंगडं आहे. आता दुसरं कारण घ्या. गुडघे धरलेल्या आजीला रात्री उठण्याआधीच पॅसेजचा दिवा लावता यावा. हे कारण भक्कम आहे. पण मग सगळं घर बदलायची गरज उरत नाही. पॅसेज, जिना आणि बाथरूम एवढं पुरे.

आता निवड. भिंतीवरचा खटका आहे तसाच राहावा आणि त्यामागे, बोर्डाच्या पेटीत, छोटं मॉड्यूल बसावं. म्हणजे वायफाय बंद पडलं तरी हाताची सवय उपयोगी पडते. आधी पेटीत न्यूट्रलची तार आहे का, ते पाहून घ्या. बोर्डावर प्लग असेल तर ती असते. नुसती बटणं असतील तिथे बहुधा फक्त फेज आलेली असते. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलं मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा प्रवाह घेतात, त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद करूनही मिणमिणत राहू शकतो. जिन्यात टू-वे बटणं असतील, तर तसं चालणारंच मॉड्यूल मागा.

जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. 230 व्होल्टशी प्रयोग नको. एमसीबी बंद केल्यावरही टेस्टर लावून बघायला सांगा. 2000 वॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. त्याला दिव्याचं मॉड्यूल चालत नाही, 16 अँपिअरचं लागतं. पंख्याच्या वेगासाठी पंख्याचंच मॉड्यूल घ्या, दिव्याचा डिमर नको. आणि वीज गेली-आली की दिव्यानं काय करायचं, हेही अ‍ॅपमध्ये ठरवा. नाहीतर रात्री तीनला वीज येते आणि सगळं घर लखलखतं!

शेवटचा मुद्दा तारांचा नाही. दिवा कधी लागला, याची नोंद बऱ्याच अ‍ॅपमध्ये राहते. दूर राहणाऱ्या मुलाला आई रात्री किती वेळा उठली, हे बसल्या जागी कळू शकतं. त्यात काळजी असेलही, पण जिची नोंद होते तिला ती होतेय हे ठाऊक हवं आणि मान्य हवं. म्हणून बटण बसवण्याआधी आईला विचारा. ती 'नको' म्हणाली, तर उशाशी साधा बेड-स्विच द्या. तेवढ्यानंही काम भागतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.