मनीचा उपास

"भूक लागली की खाईल मुकाट्याने!" मुलांना लावलेला नियम मी मनीलाही लावला. सर्दीने बेजार झालेली मनी दोन दिवस बशीकडे फिरकली नाही. दूध-पोळी तशीच पडून. शेवटी टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं, तर ते मलाच रागावले. "अहो, मांजराला उपास सोसत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठून जिवावर बेततं."

नाक चोंदलं की वास येत नाही, आणि वास नाही तर मांजर खात नाही, हे तेव्हा कळलं. त्यांनी दिलेली पोषक पेस्ट मी बोटाने थोडी थोडी चाटवत राहिले. जोडीला काटे काढलेली उकडलेली मासळी, कोमट, तिच्याच पाण्यासकट. मीठ नाही, कांदा-लसूण तर नाहीच, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांस-मासळीतलं टॉरिन कमी पडलं तर मांजराची नजर जाते, हृदय दुबळं होतं. मग नुसती दूध-पोळी कशी पुरणार?

चौथ्या दिवशी मनीने आपणहून बशी चाटली, आणि माझ्याही घशाखाली घास उतरला.

मैत्रिणींनो, अशी पूरक औषधं डॉक्टरांना विचारूनच द्या. पण बशी दिवसभर तशीच राहिली, तर रुसवा समजून वाट बघू नका.