त्वचेचंही घड्याळ असतं

बेळगाव-निपाणीकडची मुलं कॅलिफोर्नियात नोकरीला लागली, की कधीतरी आई-बाबांची तिकिटं निघतातच. चटण्या, मेतकूट आठवणीनं बांधलं जातं. पण सोरायसिस किंवा एक्झिमा असणाऱ्यांनी घड्याळाचाही विचार करावा.

तिथली वेळ आपल्या साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे रात्रीचा दिवस. दाह आवरणारं कॉर्टिसॉल शरीरात सकाळी जास्त, रात्री कमी असतं. रात्री त्वचेतून पाणीही जास्त उडतं. म्हणून खाज रात्रीच जोर करते. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, त्यामुळे पहिला आठवडाभर खाज कधीही उठू शकते. त्यात झोपमोड, आणि जागरणानं खाज आणखी वाढते. विमानातली हवा कोरडी असते, तेव्हा मलमाची छोटी ट्यूब हाताशी हवी.

खरी काळजी मेथोट्रेक्सेटची. सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून ठरलेल्या वारीच घेतात. वार चुकून ती रोज किंवा लागोपाठ घेतली गेली, तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकतं. प्रवासात तारीख-वारांचा गोंधळ हमखास होतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तिथला वार ठरवून घ्यावा आणि मोठ्या अक्षरांत लिहून मुलाच्या फ्रिजवर लावावा. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर त्या मनानं बंद करू नयेत.

आणि लेकीला, सुनेला आधीच सांगून ठेवावं. आपली मंडळी खाजेबद्दल बोलायला उगाच लाजतात.