सावली माणसांना, ऊन बॅटरीला

मे महिन्यात खिंडसी तलावाच्या काठी कॅम्पर व्हॅन लावायची म्हटली की पहिला वाद जागेवरून होतो. घरची मंडळी झाडाखाली लावा म्हणतात. टपावर सोलर पॅनल बसवून घेतलेला गृहस्थ गाडी उघड्यावर घ्यायला बघतो. दोघांचंही बरोबर असतं. रामटेकला गाडीतल्या विजेचा जवळजवळ सगळा हिशेब या एका वादात आलेला आहे. पॅनलला पोसतं ते ऊन, आणि बॅटरीचा जीव घेतं तेही ऊनच.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाडी उभी करायला वीज-पाण्याची सोय असलेल्या जागांची कल्पना आहे. पण अशी जागा दर मुक्कामाला मिळेल असं धरून निघण्यात अर्थ नाही. पुण्याहून किंवा नाशिकहून निघून समृद्धी महामार्गाने नागपूर गाठायचं आणि मनसरमार्गे रामटेक, पेंच करायचं, तर रात्री आपल्याच बॅटरीवर काढायची तयारी हवी. गंमत अशी, की उत्तरेला तोतलाडोहचा १६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प, दक्षिणेला खापरखेडा आणि कोराडीची औष्णिक केंद्रं. अशा विजेच्या आगारात आपण पंखा दोनवर ठेवावा की तीनवर, याचा काथ्याकूट करत बसलेलो असतो.

हिशेब युनिटमध्ये केला की घरच्या बिलासारखा चटकन समजतो. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट. तेवढ्याच अँपिअर-अवरची ट्यूब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये म्हणतात, म्हणजे हाती येतं अर्ध्या युनिटहून थोडं जास्त. आता खर्च बघा. गाडीतला लहान कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५-५० वॉट घेतो. थंडीत तो बराच वेळ गप्प असतो, पण मे महिन्यात जास्त वेळ चालूच असतो. चोवीस तासांत त्यालाच पाऊण युनिटच्या आसपास लागतं. दोन डीसी पंखे रात्रभर चालवले की आणखी ०.४ युनिट. त्यात दिवे आणि मोबाइल धरले की एक लिथियम बॅटरी संपली.

एसीचं नाव काढलं की गणित कोलमडतं. अगदी काटकसरीने चालणारा एसीसुद्धा रात्रीत चार-पाच युनिटं खाईल, म्हणजे अशा चार बॅटऱ्या. माझं स्पष्ट मत आहे, की विदर्भाच्या उन्हाळ्यात व्हॅनला एसी नको, कूलर हवा. नागपूरकरांना हे सांगायला नको. हवा कोरडी आहे तोवर वाळ्याची ताटी, छोटा पंप आणि डीसी पंखा मिळून ५०-६० वॉटमध्ये काम भागतं. पाण्याची टाकी मात्र मोठी लागते आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. पहिला पाऊस झाला, की हा कूलर काढून ठेवायचा.

पॅनलच्या बाबतीत रामटेकवर निसर्गाची मेहेरबानी आहे. हे गाव साधारण २१.४ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यामुळे टपावर आडवं पडलेलं पॅनल इथे तिरकं करायची फारशी गरज नसते. पण पॅनलवर छापलेले वॉट हे २५ अंश तापमानाचे असतात. टपाला चिकटून बसवलेलं पॅनल मे महिन्यात ६५-७० अंशांपर्यंत तापतं, आणि दर अंशाला उत्पादन साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटतं. म्हणजे पंधरा-सोळा टक्के तिथेच गेले. टप आणि पॅनल यांत चार बोटं जागा सोडली, की खालून वारा खेळतो आणि नुकसान कमी होतं. अशा उन्हात ४०० वॉटचं पॅनल दिवसाला दीड युनिटच्या आसपास देतं. एसी नसेल तर भागलं.

अर्थात गाडी उन्हात असेल तर. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एका फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन सावलीच्या मानाने फारच जास्त घटतं. म्हणून वर सांगितलेल्या वादावर मला पटलेला तोडगा सुट्या पॅनलचा. गाडी झाडाखाली लावायची, पॅनल दहा मीटर लांब उन्हात मांडायचं आणि मध्ये ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकायची. माकडांवर लक्ष ठेवावं लागतं, ते वेगळं.

आषाढात सगळंच उलटं. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. तिथल्या यक्षाला ढग दिसल्याचा आनंद झाला असेल, पण पॅनलवाल्याचा चेहरा पडतो. दाट ढगांत उत्पादन पाचव्या हिश्श्यावर येतं. मग भिस्त गाडीच्या डायनामोवर. बीएस-६ गाड्यांत बऱ्याचदा गाडीचा संगणक डायनामोचा व्होल्टेज खाली-वर करतो, त्यामुळे नुसता रिले टाकून मागची बॅटरी नीट भरत नाही. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तो ३० अँपिअरचा असेल, तर नागपूर ते रामटेक या तास-सव्वा तासाच्या प्रवासात ३०-३५ अँपिअर-अवर, म्हणजे साधारण ०.४ युनिट जमा होतं.

आता बिघाडांकडे. नेहमीचा म्हणजे पहाटे फ्रिज बंद. एका मित्राच्या गाडीत हेच झालं, आणि नवी बॅटरी घ्यायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. मनसरच्या हायवेवर ट्रकचं काम करणाऱ्या वायरमनने मीटर लावला आणि म्हणाला, "बॅटरीले काही नाही झालं जी. लोडवर पाहा." बॅटरीच्या टोकांवर १२.९ व्होल्ट होते. फ्रिजचा कॉम्प्रेसर उठत असताना फ्रिजच्या प्लगवर ११. फ्रिजला वाटलं बॅटरी उतरली, आणि त्याने स्वतःला बंद करून घेतलं. मधले जवळजवळ दोन व्होल्ट खाल्ले होते दीड चौरस मिलिमीटरच्या लांबलचक वायरने, लायटरच्या सॉकेटने आणि वायरच्या टोकाच्या एका सैल थिंबलने. ते थिंबल हाताला चटका देत होतं. वायर ६ चौरस मिलिमीटरची टाकली, सॉकेट काढलं, थिंबल नीट दाबून बसवलं. बॅटरी तीच राहिली. म्हणून व्होल्टेज मोजायचा तो लोड चालू असताना, आणि दोन्ही टोकांना.

दुसरा बिघाड खास इकडचा आहे. भरदुपारी कडक ऊन असताना चार्जिंग शून्य, आणि संध्याकाळी आपोआप सुरू. पॅनल किंवा कंट्रोलर बदलायला धावू नये. बंद गाडीत सीटखाली ठेवलेली लिथियम बॅटरी तापली, की तिच्यातला संरक्षक सर्किट बोर्ड चार्जिंग थांबवतो. ही मर्यादा बहुधा ५५-६० अंशांच्या आसपास असते. बॅटरीला हवा मिळाली की तक्रार संपते. शिसे-आम्लाच्या बॅटरीला असलं संरक्षण नसतं, ती मुकाट्याने सोसते. २५ अंशांच्या वर तापमान दर दहा अंशांनी वाढलं, की तिचं आयुष्य निम्मं होत जातं. शिवाय ट्यूब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलून झोपायच्या जागेखाली ठेवणारे लोक आहेत. त्यांनी ती आजच बाहेर काढावी.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. वायर घासून शॉर्ट झाली, तर बॅटरी आणि फ्यूज यांमधल्या वायरला वाली कोणी नसतो.

त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत रामटेकला आलात आणि एखाद्या लॉजच्या किंवा ढाब्याच्या बोर्डावरून वीज घेतलीत, तर लोड वाढलेला असतो आणि व्होल्टेज २३० वरून १८० च्या खालीही येऊ शकतो. चार्जरवर तेवढा कमी व्होल्टेज चालतो का हे लिहिलेलं असतं, ते आधी वाचून ठेवावं. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच असावा. आणि वायर जोडण्याआधी तीन दिव्यांचा टेस्टर सॉकेटला लावून बघावा. अर्थिंग नाही असं दिसलं, तर मालक कितीही म्हणाला "आजवर काही झालं नाही", तरी तो बोर्ड सोडून द्यावा. गाडी लोखंडाची आहे आणि तिच्यात पाय टाकणारा बहुधा ओल्या जमिनीवर उभा असतो.