जुना पत्ता विसरण्याची मुदत

वेबसाइट एका होस्टिंगवरून दुसऱ्या होस्टिंगवर नेतात, तेव्हा तिचा नवा पत्ता जगाला कोणीही कळवत नाही. मला यातलं हेच सगळ्यात मोठं नवल वाटतं. फाइल्स आणि डेटाबेस नव्या सर्व्हरवर चढवायचे, एसएसएल सर्टिफिकेट बसवायचं आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत, ए-रेकॉर्डमधला आयपी पत्ता बदलायचा. बस्स. तरीही दुसऱ्या दिवसापर्यंत नाशिकचा वाचक आणि टोरांटोचा वाचक, दोघेही नव्या सर्व्हरवर पोहोचतात, आणि काही बदललं आहे याचा दोघांनाही पत्ता नसतो.

पूर्वी असं नव्हतं. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच मजकूर फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे आणि बाकीचे तिची ताजी प्रत वेळोवेळी उतरवून घेत. नेटवर्क वाढत गेलं तसं हे झेपेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एक मोठी यादी ठेवायच्या ऐवजी ज्याचं नाव त्यानेच सांभाळायचं, आणि विचारेल त्याला उत्तर द्यायचं. प्रत्येक उत्तराबरोबर एक मुदतही द्यायची, सेकंदांत मोजलेली. ही मुदत म्हणजे टीटीएल. माझ्या मते सगळी करामत या एका आकड्यात आहे.

तुमच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे तुमच्या वतीने पत्ता विचारून आणणारा सर्व्हर, एकदा मिळालेलं उत्तर जपून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको. ही मुदत सरताना डोळ्यांनी पाहता येते. टर्मिनलवर 'डिग' ही आज्ञा देऊन एखाद्या डोमेनचा पत्ता विचारा. उत्तरात पत्त्याच्या आधी, समजा, ३०० दिसेल. थोडं थांबून तीच आज्ञा पुन्हा द्या: २८८. पुन्हा द्या: २७१. शून्यावर आलं की रिझॉल्व्हर ते उत्तर टाकून देतो आणि पुढच्या वेळी मूळ ठिकाणी नव्याने विचारतो. म्हणजे नवा पत्ता कुठे पसरत जात नाही. जगभरातले असंख्य रिझॉल्व्हर आपापल्या वेळेला जुना पत्ता विसरतात, एवढंच.

म्हणून जाणकार मंडळी तयारीला आधीच लागतात. टीटीएल ८६,४०० असेल, म्हणजे पूर्ण एक दिवस, तर ती निदान दिवसभर आधी ३०० वर आणून ठेवतात. ज्यांनी जुनी मुदत घेतली आहे त्यांची ती सरायला हवी ना! मग प्रत्यक्ष बदलाच्या वेळी बहुतेकांना जुना पत्ता विसरायला पाच मिनिटं पुरतात. काही रिझॉल्व्हर मुदत पाळत नाहीत, त्यामुळे जुना सर्व्हर आणखी काही दिवस चालू ठेवलेला बरा.

त्या जुन्या यादीचा वारसा आजही प्रत्येक संगणकात आहे: होस्ट्स फाइल. तिच्यात नवा आयपी पत्ता आणि डोमेनचं नाव अशी एक ओळ लिहिली, की साऱ्या जगाला जुनी साइट दिसत असताना त्याच नावाने तुम्हाला एकट्याला नवी दिसते. फॉर्म भरा, फोटो उघडतात का बघा, लॉगिन करा, सगळं तपासा. फक्त नंतर ती ओळ आठवणीने काढा.

खरी कसोटी लागते ती डेटाची. अधल्यामधल्या काळात दोन्ही सर्व्हर जिवंत असतात आणि जुन्यावर नोंदवलेली ऑर्डर नव्या डेटाबेसला ठाऊकच नसते. त्यामुळे शेवटची प्रत घेताना लिखाण थांबवावंच लागतं. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया संस्था तर वर्षातून दोनदा आपला मुख्य कारभार व्हर्जिनिया आणि टेक्सासमधल्या डेटा सेंटरांत आलटून पालटून हलवते. तेव्हा मराठी विकिपीडियावरही काही मिनिटं संपादन बंद असतं, वाचन मात्र चालूच राहतं.