नळी कधी निघेल?

मणक्याच्या दुखापतीनंतर : लेखांक ६

वॉर्डात राउंड सुरू असताना सगळ्यांसमोर विचारला जातो तो प्रश्न चालण्याचा. दुसरा प्रश्न संध्याकाळी येतो, सोबतचा माणूस चहाला गेल्यावर, आवाज उतरवून. ‘डॉक्टर, ही नळी कधी निघेल? आणि संडासचं काय?’

गेल्या आठवड्यात पायांबद्दल लिहिलं. आज हा दुसरा प्रश्न. कामावर परत जाणं, एसटीने प्रवास करणं, लग्नात पंगतीला बसणं हे सारं पायांइतकंच, किंबहुना जास्तच, यावर अडतं असं मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. किम अँडरसन यांनी मणक्याची दुखापत झालेल्या ६८१ जणांची पाहणी करून ती २००४ साली प्रसिद्ध केली. हात गेलेले असोत की फक्त पाय, दोन्ही गटांनी लघवी-संडासवरचा ताबा महत्त्वाच्या गरजांमध्ये धरला होता.

हा ताबा ठेवणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या अगदी टोकापासून निघतात. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. म्हणजे या नसांचं केंद्र माकडहाडापाशी नसून बरंच वर, बरगड्या संपतात त्या उंचीवर आहे. मार त्याच्या वर बसला असेल तर केंद्र जिवंत राहतं, फक्त मेंदूचा हुकूम पोहोचत नाही. मार केंद्रावरच किंवा त्याखालच्या नसांवर बसला, तर मूत्राशय आणि गुदद्वाराचा स्नायू दोन्ही सैल पडतात. पुढचे सगळे उपाय या फरकावर ठरतात.

दुखापत ‘अपूर्ण’ आहे हेही इथेच ठरतं. तपासताना डॉक्टर गुदद्वारात बोट घालतात आणि ‘बोट कळतंय का? आवळता येतंय का?’ असं विचारतात. घरच्यांना हे अवघड वाटतं, कधी रागही येतो. पण पाय अजिबात हलत नसतानाही तिथे स्पर्श कळत असेल, तर वरून खालपर्यंत काही तंतू शाबूत आहेत याचा तो पुरावा असतो. टाचणीची टोच कळत असेल तर आशा आणखी वाढते. मानेत मज्जारज्जूचा मधला भाग चेपला जातो, तेव्हा हे तंतू अनेकदा वाचतात, कारण ते बाहेरच्या कडेला असतात. अशा रुग्णात बहुधा आधी पाय येतात, मग लघवी, आणि बोटं सगळ्यात शेवटी. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या सहा महिन्यांत दिसतो. नंतर वेग मंदावतो, पण ती थांबतेच असं नाही.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे मूत्राशय निपचित असतं, म्हणून नळी घालतात. नळी काढल्यावर एक दिवस चादर ओली होते आणि घरचे आनंदाने सांगतात, ‘लघवी मोकळी झाली!’ ती सुधारणा असेलच असं नाही. एरवी मूत्राशय आकुंचन पावतं त्याच क्षणी खालची झडप सैल पडते. हा मेळ मेंदू घालतो. हुकूम तुटला की दोघंही एकाच वेळी आवळतात. विहिरीवरची मोटर चालू आणि कॉक बंद ठेवला की पाइपाचे सांधे सुटतात. इथे दाब उलटा मूत्रपिंडांकडे चढतो, थोडी लघवी बाहेर सांडते आणि बरीच आत तुंबून राहते. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक लघवीच्या जंतुसंसर्गाने नाहीतर दाबव्रणांनी दगावले. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी या रुग्णांसाठी विभाग सुरू केला, तेव्हा या दोन शत्रूंशीच त्यांची पहिली लढाई होती.

म्हणून लघवी झाल्या झाल्या आत किती शिल्लक राहिली, हे सोनोग्राफीने किंवा नळी घालून मोजायलाच हवं. दाब कळण्यासाठी युरोडायनॅमिक तपासणी लागते. शिल्लक जास्त असेल तर कायमची नळी ठेवण्यापेक्षा दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करणं बरं. एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. १९७२ साली अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस यांनी दाखवलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीला रक्त कमी मिळतं आणि जंतूंचं फावतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे वेळ चुकवू नये. हात धुवायला पाणी जवळ नाही म्हणून नळी पुढे ढकलणं हे हात न धुता नळी घालण्याहून वाईट.

मूत्राशय शांत ठेवणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधं कामाची आहेत, पण त्यांनी शौचाला घट्ट होते.

आतड्याला वेळापत्रक आवडतं. जेवण पोटात पडलं की मोठं आतडं आपोआप हलू लागतं, म्हणून नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी रोज ठरल्या वेळी गादी असलेल्या कमोड-खुर्चीवर बसावं. बधिर कातडीला कडक सीटने जखम होते. केंद्र शाबूत असेल तर हातमोजा घालून, जेल लावून बोट आत पंधरा-वीस सेकंद हळुवार गोल फिरवावं आणि दर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तसंच करावं. केंद्रच गेलं असेल तर याचा उपयोग नाही. तिथे मळ बोटानेच काढावा लागतो. नवी पद्धत काही आठवडे तरी तशीच चालू द्यावी. दोन दिवस संडास झाली नाही म्हणून जुलाबाचं औषध देण्याची घाई घरोघरी होते आणि सगळी घडी विस्कटते.

छातीच्या सहाव्या मज्जाखंडाच्या किंवा त्यावरच्या दुखापतीत अचानक डोकं ठणकलं, चेहऱ्याला घाम फुटला, रक्तदाब चढला, तर माणसाला उठवून बसवा, कपडे सैल करा, नळी मुडपली आहे का ते पाहा आणि मूत्राशय रिकामं करा. तुंबलेली लघवी किंवा साठलेला मळ हेच त्याचं नेहमीचं कारण असतं. दाब उतरला नाही तर तडक दवाखाना गाठा.

आंब्याच्या झाडावरून पडलेला माझा एक रुग्ण आहे. चौथ्या महिन्यात त्याला ओटीपोटात जडपणा कळू लागला. पूर्वीची कळ नव्हे, पण लघवी भरल्याची खूण. तेव्हापासून तो वहीत वेळ, झालेली लघवी आणि उरलेली शिल्लक लिहीत गेला. नळी पाच वेळांवरून तीन वेळांवर आली, आणि आता फक्त रात्री झोपताना एकदा. ती एक वेळ तो सोडत नाही, आणि मीही सोडायला सांगत नाही. त्याची शिल्लक अजून १५० मिली असते.

(पुढील आठवड्यात : दाबव्रण)